एक नळी, शंभर मतं

बोईसर किंवा पालघर स्टेशनबाहेरच्या कुठल्याही टपरीवर बंदुकीचा विषय काढून बघावा. बाकावर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नसते, आणि एखाद्याने धरली असली तर ती जत्रेतली, फुगे फोडायची. तरीही बारा बोअर बरी की सोळा, नळी अठ्ठावीस इंची हवी की बत्तीस, डुकराला एल.जी. लागतो की एस.जी. भागवतो, यावर प्रत्येकाचं मत तयार असतं. शेअर बाजार, मधुमेह आणि बंदूक या तीन विषयांत आपल्याकडे अनुभवाची अट नाही. डहाणू लोकल उशिरा असली तर हेच मत सप्रमाण होतं, आणि रद्द झाली तर त्यात आजोबांनी मारलेला वाघही येतो.

एवढी मोठी एमआयडीसी, हाकेच्या अंतरावर अणुऊर्जा केंद्र, पण बोईसरच्या माणसाला रस्त्यात दिसणारी बंदूक म्हणजे एटीएममध्ये पैसे भरायला येणाऱ्या गाडीच्या रखवालदाराची. तो चहा पितो तेव्हा तिची नळी बाकीच्या चहावाल्यांच्या गुडघ्यांकडे असते. पट्ट्यातली काडतुसं एकेकाळी लाल असावीत. उन्हाने गुलाबी पडलेली असतात आणि पितळी बुडावर हिरवट झाक आलेली असते. ती उडतील का, हा प्रश्न दरोडेखोराने विचारायचा, आपण नाही. मी फक्त यात कोणता छर्रा आहे एवढं विचारलं. त्याने एक काडतूस काढून त्याच्या तोंडावरचा छाप वाचायचा प्रयत्न केला. छाप पुसलेला होता. “मोठाच असणार,” तो म्हणाला, “बँकेचा आहे.”

माझ्या माहितीतले खरे बंदूकवाले म्हणजे मनोरच्या रस्त्याला शेती असलेले एक काका. त्यांची एकनळी बारा बोअर वडिलांकडून वारसाहक्काने आलेली. दसऱ्याला विळा, कोयता, मोटारसायकल आणि बंदूक अशा क्रमाने पूजा होते. तिने शेवटचा बार कधी काढला याबद्दल घरात एकमत नाही. काकांच्या मते ती अचूक आहे. काकूंच्या मते ती कपाटात जागा अडवते. एली-किनॉकच्या काडतुसांचा वडिलांच्या वेळचा एक पत्र्याचा डबा अजून घरात आहे. त्यात काकूंची बटणं असतात.

काकांचे मेहुणे हा या घरातला विरोधी पक्ष. ते राहतात चिंचणीला, येतात रविवारी, आणि जेवण झालं की बडीशेपेबरोबर बोअर काढतात.

बारा बोअर म्हणजे बारा कसले, हा तसा साधा प्रश्न, पण टपरीवर विचारू नये. कुणी बारा मिलिमीटर म्हणतं, कुणी बारा छर्रे, आणि एकाने मला बारा माणसांत एक बंदूक असा पोलिसी हिशेबही सांगितला आहे. खरी भानगड अशी की एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी जेवढी जाड, तेवढं नळीचं भोक. म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. सोळा गोळ्या केल्या तर गोळी बारीक, म्हणून सोळा बोअरचं भोक बारापेक्षा लहान. आकडा चढतो तसं भोक उतरतं. एवढं डोक्यात बसतंय तोवर ‘फोर-टेन’ नावाची बंदूक समोर येते आणि कळतं की हा आकडा पौंडाचा नाहीच, सरळ इंचाचा आहे. इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली, टपाल दिलं, पण अपवाद नसलेलं माप काही दिलं नाही.

आता नळी. काकांची तीस इंची आहे आणि तिला फुल चोक आहे. चोक म्हणजे तोंडाशी नळी किंचित आवळलेली असते, जेमतेम एक मिलिमीटरने. आवळण्याचा हेतू हा की छर्रे फार पसरू नयेत. पुस्तकी हिशेब असा : चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळ काढायचं; फुल चोकमधून सुटलेले सत्तर टक्के छर्रे त्या वर्तुळात पडतात, न आवळलेल्या सिलिंडर नळीतून चाळीस टक्के. काका हे आकडे शाळेतल्या पाढ्यांसारखे म्हणून दाखवतात. मेहुणे शांतपणे विचारतात, “भावोजी, तुमच्या बांधावरून चाळीस यार्ड दिसतं कुठं?” हा प्रश्न बिनतोड आहे. बांधापलीकडे करवंदीची जाळी, तिच्यामागे साग, आणि रात्री तर काकांना स्वतःच्या चपला दिसत नाहीत. शिवाय डुकरासाठी एकच मोठी गोळी वापरायची म्हटली तर फुल चोक उलट धोक्याचा. गोळी तोंडाशी अडकली तर नळीच फुटायची.

लांब नळी जोरात मारते, ही काकांची आणखी एक श्रद्धा. काळ्या दारूच्या जमान्यात तिच्यात तथ्य होतं. ती दारू सावकाश जळायची, तिला नळी पुरावी लागायची. आताची बिनधुराची दारू पहिल्या काही इंचांतच आपलं काम उरकते, उरलेली नळी नेम धरायला आणि फोटोला. पण काकांपुढे हे बोलायची सोय नाही. ते लगेच कॉर्बेट काढतात. जिम कॉर्बेटला लहानपणी मिळालेली पहिली बंदूक दोन नळ्यांची, ठासणीची होती आणि तिची उजवी नळी फाटलेली होती, कुणीतरी जादा दारू भरल्यामुळे. म्हणजे कॉर्बेटसुद्धा एका नळीवरच शिकला, असा काकांचा निष्कर्ष. “आणि त्याने वाघ मारले,” ते मेहुण्यांना सांगतात. मेहुणे म्हणतात, “त्याच्या शेतात वाघ यायचे.”

छर्ऱ्यांच्या बाबतीत दोघांत तडजोड शक्यच नाही. सहा नंबरचे छर्रे एका औंसात सुमारे दोनशे सत्तर बसतात, ते पाखरांचे. एस.जी.चे आठ बसतात, एल.जी.चे सहा. इथेही तोच उलटा न्याय, आकडा मोठा तर दाणा बारीक. काका एल.जी.वाले. सहा दाण्यांपैकी एक तरी लागेलच, असं त्यांचं संभाव्यताशास्त्र. मेहुणे एका गोळीचे भोक्ते. “डुकराला सहा पोस्टकार्डं टाकण्यापेक्षा,” ते म्हणतात, “एक रजिस्टर्ड पत्र बरं.” मग काका विचारतात, रजिस्टर्ड पत्र घ्यायला डुक्कर घरी नसलं तर? इथपर्यंत आल्यावर काकू दिवा मालवतात.

काडतुसाच्या लांबीबद्दल मात्र दोघेही गप्प असतात, आणि खरं तर बोलावं असं तेच आहे. जुन्या बंदुकांचं घर पासष्ट मिलिमीटरच्या काडतुसाचं असतं, नवी काडतुसं बहुधा सत्तरची. सत्तरचं काडतूस पासष्टच्या घरात आरामात जातं, कारण त्याचं तोंड मिटलेलं असतं. उडताना ते उघडतं आणि पुढे जागा नसते. मग दाब वाढतो, आणि आजोबांची बंदूक नातवाच्या गालाशी आपलं वय सांगते. नळीवर हे माप कोरलेलं असतं. काकांच्या नळीवरही आहे, पण त्यावर दरवर्षीच्या हळदीकुंकवाचा थर बसला आहे.

कोणता छर्रा याच्या आधीचा प्रश्न समोर काय आहे हा असतो. २०२५ च्या जानेवारीच्या अखेरीस इथेच, मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात, रात्री डुकराच्या शिकारीला गेलेल्या टोळीतल्याची गोळी टोळीतल्याच माणसाला लागली आणि तो गेला. डुक्कर समजून. ती बातमी आली त्या रविवारी काका-मेहुण्यांनी बोअर काढलं नाही. पाण्याच्या मोटारीबद्दल बोलत बसले.

एरवी हा सगळा खल ज्या निवडीवर चालतो ती निवड फार पूर्वी दिल्लीत होऊन गेलेली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं तेरावं कलम काकांपेक्षा नेमकं आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी बंदूक हवी, तर आत गुळगुळीत असलेली आणि नळी निदान वीस इंच. पीक राखायला हवी, तर ठासणीची. आणि ठासणीची पुरणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची. ही खात्री कशी पटवायची हे कलमात नाही. डुकराचं प्रतिज्ञापत्र जोडलं तर बहुधा चालावं. नळी लांब वाटली म्हणून कापून आखूड करावी म्हणाल, तर सहावं कलम आडवं येतं. परवान्याशिवाय नळीला करवत लावणं हाच गुन्हा. थोडक्यात संसदेने नळी मोजून दिली आहे, मतं मोजलेली नाहीत.

ठासणीची बंदूक मी जव्हारच्या बाजूला एका घरी भिंतीवर पाहिली आहे. दारू ओतायची, चिंध्यांचा बोळा घालायचा, गजाने ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा, पुन्हा गज, शेवटी केप बसवायची. पावसाळ्यात दारू सादळते आणि घोडा पडल्यावर नुसता ‘चट्’ आवाज येतो, जो डुकराला ओळखीचा झालेला आहे. तारापूरच्या किल्ल्यावर १७३९ च्या जानेवारीत चिमाजीअप्पांच्या फौजेने चाल केली तेव्हा पोर्तुगीजही बंदुका ठासूनच भरत आणि मराठेही. उशीर दोघांना सारखाच, म्हणून लढाई बरोबरीची. शेतातली लढाई तशी नाही. तुमचा दुसरा बोळा बसेपर्यंत समोरचा गडी अर्धी खाचर जेवून हात पुसायच्या बेतात असतो.

अमेरिकेत म्हणे एकबारी बंदुकांचा निराळाच थाट आहे. १९६७ मध्ये तिकडे ‘कंटेंडर’ नावाचं एक पिस्तूल निघालं : सांगाडा एकच, नळ्या हव्या तितक्या. सकाळी सशाची लावा, दुपारी हरणाची लावा. काकांचा मुंबईचा पुतण्या हे मोबाइलवर दाखवत होता तेव्हा काकांचा चेहरा, मला आठवतंय, मिठाईच्या दुकानासमोर उभ्या राहिलेल्या मधुमेह्याचा झाला होता. आपल्याकडे परवान्यावर हत्याराचा नंबर असतो, आणि जादा नळी आणायची म्हणजे जादा फाईल. फाईल आधी ठाण्याला असायची. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला तेव्हा ती पालघरला आली. मग देशभरातल्या परवान्यांची संगणकात नोंद सुरू झाली आणि काकांनाही एक विशेष ओळख क्रमांक मिळाला. तो त्यांना पाठ नाही, पण मिळाला याचा अभिमान आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तीन हत्यारांची मर्यादा दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. काका म्हणाले, बंदुकीपेक्षा परवान्याचंच आयुष्य वाढतंय.

नळी एकाची आणि बार दुसऱ्याचा, हा अनुभव तारापूरला नवा नाही. अमेरिकी बनावटीच्या दोन अणुभट्ट्या इथे १९६९ मध्ये चालू झाल्या. १९७४ ला पोखरण झालं, अमेरिकेची मर्जी फिरली, आणि पुढे तिने युरेनियम द्यायचं बंद केलं. भट्टी आहे, भरायला काही नाही. मग १९८० च्या दशकात फ्रान्सने दिलं, नंतर चीनने, नंतर रशियाने. एवढ्या मोठ्या सरकारची ही तऱ्हा, तर माझ्या चार नंबरच्या छर्ऱ्यांचं काय घेऊन बसलात, असं काका म्हणतात. चार नंबर हा त्यांचा जुना हट्ट. सहा फार बारीक, एस.जी. फार मोठा, घरात असावा तर चार, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. कशासाठी असावा ते सांगायचं राहिलं.

कारण मारायचं काय? १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ससा, तितर, भेकर सगळं पुस्तकात गेलं. रानडुक्कर पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होतं. २०२२ ची दुरुस्ती लागू झाल्यावर, १ एप्रिल २०२३ पासून ते दुसऱ्या अनुसूचीत बढती मिळून गेलं. माणसं एका पदावर तीस वर्षं काढतात. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरासाठी वाट आहे. कायद्याचं अकरावं कलम आहे, राज्याचा २०१५ चा शासन निर्णय आहे, आणि त्यासाठी वनखात्याकडे अर्ज करायचा आहे. परवानगी मिळेपर्यंत बंदूक कपाटातच हवी. अर्जदार कागद घेऊन रेंजच्या कचेरीत, डुक्कर शेतात. दोघांनाही आपापल्या जागी रात्र काढायची सवय झालेली. वाड्याच्या कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढे वाटले गेले. त्या तांदळाची पारख डुकरांना कित्येक वर्षं आधीपासून होती. त्यांचा अहवाल कुणी मागितला नाही एवढंच.

मग लोक बंदुकीवाचून करायचे उपाय करतात. बांधाला जुन्या साड्या. रॉकेलचे डबे. लाउडस्पीकरवर कुत्र्याचं भुंकणं, जे पहिल्या आठवड्यात डुकरांना आणि दुसऱ्या आठवड्यापासून फक्त शेजाऱ्यांना त्रास देतं. यात अलीकडे प्लास्टिकच्या पाइपाची तोफ आली आहे, कार्बाइडवर चालणारी. काकांचा भाचा एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याला ही तोफ कळली आणि बंदुकीच्या वादात जे कधीच मिळालं नव्हतं ते घराला मिळालं : नळी निवडायचं स्वातंत्र्य. बोईसरच्या हार्डवेअरच्या दुकानात अडीच इंची, तीन इंची, चार इंची, पाहिजे ती नळी आणि परवाना नको. मामा-भाच्यांची तीन तास चर्चा झाली. मामांनी पाइपालाही चोक सुचवला. सुदैवाने मामींनी दोघांना पाइप पन्हळीला लावायला सांगितलं. हसण्यावारी न्यायची ही वस्तू नाही. २०२५ च्या दिवाळीत भोपाळमध्ये याच तोफांनी कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. पन्हळ मात्र छान झाली आहे.

खऱ्या बंदुकीचा वनवास वेगळाच. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना नोटीस येते : हत्यार पोलीस ठाण्यात जमा करा. कायद्याने खरं तर छाननी समितीने माणसागणिक बघून ठरवायचं असतं, पण काकांसारखा माणूस नोटीस हातात पडल्यावर समितीची वाट बघत नाही. बंदूक चादरीत गुंडाळतो आणि एसटीत बसतो. कंडक्टर विचारतो, “यात काय आहे?” काका म्हणतात, “बंदूक.” कंडक्टर हसतो आणि लगेजचं तिकीट फाडतो.

गंमत तारखांची आहे. २०१९ ला विधानसभेचं मतदान २१ ऑक्टोबरला, २०२४ ला २० नोव्हेंबरला. दोन्ही वेळा भात तयार होऊन उभं, कापणीवर आलेलं. डुकरांना आचारसंहिता कळते यावर काकांचा ठाम विश्वास आहे. एरवी ती बिचकत येतात, बांधावर थांबून कानोसा घेतात. आचारसंहितेत सहकुटुंब येतात. ठाण्यात बंदुकीची पावती मिळते, तीवर हवालदारांनी वर्णन लिहिलेलं असतं. एका खेपेला त्यांनी लिहिलं, ‘एक नळी, जुनी, चालू अथवा बंद माहीत नाही.’ काका रागावले. हवालदार म्हणाले, “काका, चालवून दाखवता का?” काकांनी पावती घडी घालून खिशात ठेवली.

निकाल लागल्यावर बंदूक परत आणायची घाई काका करत नाहीत हे माझ्या लक्षात आलं आहे. विचारलं तर म्हणतात, तिथे कोरडं असतं, तेलपाणी होतं. (होत नाही.) काकूंना कपाटात जागा मिळते, मेहुण्यांना बोलायला विषय मिळतो, आणि पोलीस ठाण्यातल्या बंदुकीबद्दल काहीही सांगितलं तरी ते तपासून बघता येत नाही. गेल्या खेपेच्या मुक्कामात तिचा पल्ला दहा यार्डांनी वाढला.

मध्यंतरी काकांनी मनावर घेतलं. परवान्यावर काडतुसं घ्यायची मुभा आहे, वर्षानुवर्षं घेतलेली नाहीत, तर एकदा जाऊन घ्यावीत. मुंबईच्या दुकानात जायचं ठरलं. आदल्या रविवारी मेहुणे खास चिंचणीहून आले आणि रात्री उशिरापर्यंत बसून दोघांनी यादी केली. मेहुण्यांनी एका गोळीचा आग्रह सोडला, काकांनी एल.जी.चा, चार नंबरवर दोघांचं एकमत झालं. घरात अशी तडजोड लग्नानंतर प्रथमच होत होती, असं काकू म्हणाल्या. मी सोबत होतो. दुकानदाराने परवाना उलटसुलट बघितला, ओळख क्रमांक वहीत उतरवला, आणि खडकीच्या कारखान्याच्या ‘शक्तिमान’ काडतुसांचा एक खोका फळीवर ठेवला.

“एवढंच आहे,” तो म्हणाला. “एस.जी.”

“चार नंबर?”

“नाही येत.”

“ठेवायला हवं,” काका म्हणाले. “चार नंबर सगळ्यात उत्तम. माझे वडील सांगायचे.”

“ठेवू हो,” दुकानदाराने पावतीपुस्तक पुढे ओढलं, “पण चार नंबरने तुम्ही मारणार काय?”

काकांनी चष्मा पुसला.

“गप्पा,” ते म्हणाले.